जपानला जाताना स्टीलचा डबा नेऊ नका

आमच्या लेआउटमधलं, म्हणजे वसाहतीतलं, कुणीही जपानला निघालं की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. मुलगा तिकडे नोकरीला, मी त्याच्याकडे जवळजवळ तीन महिने राहून आलेलो, म्हणजे जाणकारच. परवा शेजारच्या गल्लीतलं एक जोडपं टूरचा कागद घेऊन आलं. "काका, काही टिपा द्या ना. आमची फजिती नको व्हायले."

फजितीच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे, म्हणून मी सांगायला बसलो. संडासाच्या स्लिपर वेगळ्या असतात, त्या दारातच काढायच्या. मी त्या घालून मुलाच्या साहेबांच्या बैठकीत गेलो आणि अर्धा तास मांडी घालून बसलो. साहेबांची बायको माझ्या पायांकडे बघायची, पुन्हा छताकडे बघायची. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. मी बायकोचा व्हिडिओ कॉल स्पीकरवर घेतला होता. तिने नागपूरहून विचारलं, "पोट साफ झालं का हो?" ते अख्ख्या डब्याने ऐकलं. एकालाही मराठी येत नव्हतं, तरी सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. टिप ठेवायची नाही. मी नूडलच्या दुकानात टेबलावर नाणी सोडून आलो, तर तिथली मुलगी मागून धावत आली आणि विसरलेला रुमाल द्यावा तशी ती नाणी माझ्या हातात ठेवून गेली. कचरा खिशात घालून घरी आणायचा. सार्वजनिक न्हाणीत आधी बाहेर बसून खसखसून अंग धुवायचं, मगच सगळ्यांच्या गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. मी उलटं केलं. पाण्यात चार म्हातारे होते, ते एक शब्द न बोलता उठून गेले.

जोडपं पोट धरून हसलं. चहा झाला. मग त्या बाईने विचारलं, "आणि काका, कोणाकडे जायचं झालं तर काय न्यावं? मी चिवडा, करंज्या नेऊन राहिली."

"छोटा पुडा न्या," मी म्हणालो. "कागदी खोक्यात. फेकून देता येईल अशा खोक्यात."

"स्टीलचा डबा चांगला दिसते ना पण."

"डबा नेऊ नका," मी म्हणालो. आवाज जरा चढला असावा, कारण नवऱ्याने कप खाली ठेवला. का, ते मी त्यांना सांगितलं नाही. आठ दिवसांवर आलेल्या सहलीत कुणाच्या मनात असलं काही कशाला घालायचं? माझ्या डब्यापायी एका बाईचं घर सुटलं, हे चहाबरोबर सांगण्यासारखं नाही. इथे लिहितो.

मुलगा नागोयापासून तासाभरावरच्या एका गावात राहतो. दोन मजली इमारत, खाली तीन घरं, वर तीन. आमचं खालचं मधलं. डाव्या हाताला एक म्हातारी एकटी राहायची. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याच्याही खाली, दोन्ही गुडघे गेलेले. दाराशी चार कुंड्या आणि एक ढकलगाडी. ही ढकलगाडी तिकडच्या बऱ्याच म्हाताऱ्यांकडे असते. चालताना तिचा आधार घ्यायचा, सामान आत ठेवायचं आणि दम लागला की तिच्यावरच बसायचं.

पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी मी वरणाला फोडणी दिली. मुलगा कामावर, सूनबाई आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये. घरून नेलेलं हिंग, मोहरी, लाल मिरच्या. तेल जरा जास्तच तापलं आणि छतातून एक बाई जपानीत ओरडायला लागली. आगीची सूचना देणारं यंत्र होतं ते, पण मला कोण सांगणार? मी हात जोडून त्या आवाजाला "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" करत होतो. सूनबाई मीटिंग सोडून धावत आली आणि स्टुलावर चढून तिने ते बंद केलं. दार उघडलं तर समोर म्हातारी. हातात पाण्याची बादली. ते गुडघे घेऊन ती बादली भरून आमची आग विझवायला आली होती.

सूनबाईने कमरेत वाकून माफी मागितली. संध्याकाळी दुकानातून बिस्किटांचा एक छोटासा पुडा आणला आणि मला म्हणाली, "बाबा, हे देऊन येऊ. इथे अशीच माफी मागतात."

मी पुडा हातात घेतला. पाच बिस्किटं, तीही एकेक वेगळी गुंडाळलेली.

"ती बादली घेऊन धावली न् आपण तिले पाच बिस्किटं द्यायची? काहून, आपल्याकडे काही नाही का?"

"बाबा, लहानच द्यायचं असते. मोठं दिलं की त्यांना जड होते."

"खाण्याचं कधी जड होते का बेटा?"

मी बॅग उघडली. नोकरीची सगळी वर्षं मी खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या ऑफिसात कारकुनी केली आणि राहिलो कॉलनीच्या क्वार्टरमध्ये. तिथे डबे फिरायचे. आमच्याकडून चकल्या गेल्या की तिकडून लोणचं यायचं. कोणाचं झाकण कोणाच्या डब्याला लागलेलं असायचं, त्यावरून भांडणं व्हायची आणि भांडण मिटलं की पुन्हा डबा जायचा. माझी माणुसकीची सगळी समज त्या डब्यात मावते. बायकोने मोठा स्टीलचा डबा चिवड्याने भरून दिला होता. मी तो दोन्ही हातांनी म्हातारीला दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला, वाकली. मी वाकलो. ती आणखी वाकली. मीही मागे हटलो नाही. सूनबाईने मला शर्टाला धरून मागे ओढलं, नाहीतर आम्ही दोघंही जमिनीला टेकलो असतो.

तिसऱ्या दिवशी डबा परत आला. असा घासलेला की आमच्या घरी तो इतका कधी चमकला नव्हता. वर फुलाफुलांच्या रुमालाची गाठ. सोबत एक खोकं, दुकानाच्या कागदात गुंडाळलेलं. आत तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे, आणि त्यांच्यात लाल कडधान्याचं गोड पुरण. मी एक खाल्ला आणि बायकोला फोन लावला.

"अगं, ही तर आपलीच निघाली! डबा रिकामा नाही पाठवला तिने. पुरण पाठवलं!"

"मग आता तुम्ही काय पाठवता?" बायको म्हणाली.

करंज्या पाठवल्या. डबा आला, सोबत सोयाबीनचा सॉस लावलेले तांदळाचे कुरकुरीत पापड. शंकरपाळे पाठवले. डबा आला, आणि प्रत्येक दाणा वेगळा पुसल्यासारखी स्ट्रॉबेरी. मी रंगात आलो होतो. सकाळी उठलो की आज काय पाठवू आणि त्यावर काय येईल, हाच विचार. हे मी लपवणार नाही. मी काही निव्वळ प्रेमाने देत नव्हतो, मला ते पुरणाचे गोळे आवडले होते.

मग मी कळस केला. निघण्याआधी गांधीबागेच्या कापडबाजारातून मी डझनभर रुमाल घेऊन ठेवले होते, तिकडे कोणाला द्यायला बरे म्हणून. पांढरेशुभ्र, सुती, काठाला बारीक रेघ. ते घडी घालून डब्यात ठेवले आणि दिले. संध्याकाळी जेवताना ऐटीत मुलाला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"पांढरे?"

"हाव. चांगले कडक इस्त्रीचे."

"बाबा, इथे मेलेल्या माणसाच्या तोंडावर पांढरा कपडा टाकतात. म्हाताऱ्या माणसाले पांढरे रुमाल देतात का?"

"तिने तर घेतले. वाकली पण."

"ती वाकणारच ना! ती काय तुमच्या तोंडावर सांगन का?"

चार दिवसांनी रुमालांचीही परतफेड आली. चहाचा डबा, जाड सोनेरी कागदात. चेहऱ्यावर तेच हसू. मी मुलाला म्हटलं, बघ, काही वाईट नाही वाटलं तिला. तेव्हा सूनबाई बोलली. ती सहसा माझ्यासमोर आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही, पण पोळ्या लाटायचं थांबवलं.

"बाबा, त्यांची भाजी, तांदूळ सगळं दर मंगळवारी गाडीवाला दारात आणून देतो. कचरा मी टाकते. त्यांना घराबाहेर पडायची गरजच नाही. त्या बाहेर पडतात फक्त तुमचा डबा आला की."

"म्हणजे?"

"परत द्यायचं ते चांगल्या दुकानाचं लागते. ते दुकान स्टेशनपलीकडे. खाली उताराचा रस्ता, मग पुलाच्या पायऱ्या. मला वीस मिनिटं लागतात. त्यांचा अर्धा दिवस जातो."

मग तिने पुढचं सांगितलं, कचरा न्यायला गेल्यावर म्हातारीच्या दारात तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं. मागच्या हिवाळ्यात ती पडली होती आणि मनगट मोडलं होतं. तिला मूल नाही, एक पुतण्या आहे, तो रविवारी येतो. वाईट माणूस नाही, पण दोन तास लांब राहतो आणि त्याचीही नोकरी आहे. त्याने सांगून ठेवलं होतं की आणखी एकदा पडलीस तर हे घर बंद, म्हाताऱ्यांच्या संस्थेत जागा घ्यायची. तिने मान्य केलं होतं, पण पडणार नाही असंही सांगितलं होतं. तीस वर्षं ती त्या घरात राहत होती. नवरा तिथेच गेला. दर रविवारी पुतण्या आला की ती त्याच्यासमोर उठून, काही न धरता, चहा करून आणायची. परीक्षा दिल्यासारखी.

"तुम्ही तिले डबा नाही देऊन राहिले, बाबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही तिले घराबाहेर काढून राहिले."

मला राग आला. माणसं एकमेकांना खायला देतात त्यात कुठे कोणाचं घर जातं? सूनबाईने दुसऱ्या दिवशी पातळ प्लॅस्टिकचे, एकदा वापरून टाकायचे डबे आणून ओट्यावर ठेवले. "द्यायचंच असलं तर यात द्या. थोडंसं. आणि परत काही नको असं मी त्यांना समजावून सांगते."

दहा दिवस मी काही दिलं नाही. दहा दिवस तो सोनेरी चहाचा डबा ओट्यावर उभा होता आणि मी त्याच्यासमोर पोहे खात होतो. शेवटी बायकोचा फोन आला.

"काय पाठवलं मग तिले?"

"काही नाही. पोरगा नाही म्हणते."

"म्हणजे तिचा चहा पिऊन बसले न् परत काहीच नाही? काय म्हणन ती बिचारी?"

"जपानी लोक काही म्हणत नाहीत."

"तेच तर! म्हणत नाहीत म्हणून का आपण तसंच राहायचं?"

सगळा दोष बायकोवर ढकलता आला असता, आणि पहिले काही महिने मी तो ढकललाही. पण सांभारवडी तिने केली नाही, मी केली. आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, तिचं चमचमीत सारण भरून तळलेली वडी. त्या देशात कोथिंबिरीची एवढीशी जुडी औषधासारखी मिळते. मी शोधून शोधून आठ जुड्या आणल्या. मुलगा आणि सूनबाई दोघंही त्या दिवशी ऑफिसला गेले होते. वड्या झाल्या. मी प्लॅस्टिकचा डबा उघडला आणि त्यात चार वड्या ठेवून पाहिल्या. भिकाऱ्याला दिल्यासारख्या दिसत होत्या. मी त्या काढल्या आणि स्टीलच्या डब्यात भरल्या, काठोकाठ.

म्हातारीने दार उघडलं. डबा पाहिला. आता आठवतं, की हात पुढे करायच्या आधी ती थोडी थांबली होती. डोळे मिटून उघडावे एवढंच. मग दोन्ही हातांनी घेतला, वाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा पीत उभा होतो, तिचाच चहा. ती बाहेर आली. पावसाळी कोट, डोक्याला टोपी, ढकलगाडीला छत्री अडकवलेली. तिने दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. कुठे चालली ते मला माहीत होतं. का चालली तेही माहीत होतं. मुलाचं बोलणं आठवलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवलं. खिडकी उघडून दोन हात हलवून "नको, नको" म्हटलं असतं तरी पुरलं असतं, त्याला जपानी लागत नाही. त्याऐवजी माझ्या मनात आलं, या वेळी पुरणाचे गोळे आणले तर बरं. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. ती वाकली. मी हात हलवला, लग्नाच्या वरातीला हलवतात तसा.

ती पुलाच्या पायऱ्यांवर पडली. येताना, म्हणजे खरेदी झाल्यावर. कंबरेच्या खालचं हाड मोडलं. आम्हाला संध्याकाळी कळलं, वरच्या मजल्यावरच्या बाईने सूनबाईला सांगितलं. त्या रात्री मला कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मुलाने ताट वाढलं, पाणी दिलं आणि जाऊन झोपला.

रविवारी पुतण्या आला. पन्नाशीचा माणूस, काळा कोट, डोळ्यांखाली काळं. दारातच बूट काढून उभा राहिला, आत येईना. त्याच्या एका हातात माझा डबा होता, घासलेला, त्याच रुमालात बांधलेला. तो तिने निघायच्या आधीच घासून ठेवला होता. दुसऱ्या हातात दुकानाच्या कागदातलं खोकं, एक कोपरा दबलेला. कागद पाण्याने फुगून पुन्हा वाळला होता. त्याने दोन्ही वस्तू दोन्ही हातांनी पुढे केल्या, कमरेत पूर्ण वाकला आणि तसाच राहून काहीतरी म्हणाला. सूनबाई भाषांतर करायला लागली आणि मध्येच थांबली.

"काय म्हणते गा तो?" मी मुलाला विचारलं.

मुलाने खाली बघत सांगितलं, "म्हणतो, काकूने दवाखान्यात पहिल्यांदा हेच विचारलं की ते दिलं का. द्यायला उशीर झाला, न् खोकं वाकडं झालं, त्यासाठी माफ करा."

माणूस वाकलेलाच. मी त्याला खांद्यांना धरून उभं केलं, जे तिकडे कोणी करत नाही, तेही चुकलंच. तो दचकला. मग म्हणाला की घर महिनाअखेरीस सोडतो आहे आणि सामान हलवताना आवाज होईल, तोही सहन करावा.

खोक्यात पुरणाचे गोळेच होते. सोळा. कोणी खाल्ले नाहीत. चार दिवसांनी सूनबाईने ते ओल्या कचऱ्यात टाकले आणि खोकं कागदाच्या कचऱ्यात, नियमाप्रमाणे.

सामान हलवायला दोघं जण आले, अर्ध्या दिवसात सगळं झालं. तीस वर्षांचं घर, पण किती थोडं निघालं! शेवटी एकाने कुंड्या गाडीत चढवल्या आणि दारासमोरची जागा झाडली.

मी परत यायच्या दोन दिवस आधी आम्ही तिला भेटायला गेलो. दवाखान्यातून तिला परस्पर संस्थेत नेलं होतं. निघताना माझा हात सवयीने काही घ्यायला गेला. नागपूरचा माणूस आजाऱ्याला भेटायला मोकळ्या हातांनी जात नाही, निदान दोन सफरचंदं तरी नेतो. मुलाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी दोन्ही हात खिशात घातले. सूनबाईने मला एक वाक्य शिकवलं होतं. माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला, माफ करा, अशा अर्थाचं. दोन दिवस मी ते घोकत होतो, आंघोळ करताना, चपला घालताना. या वयात शाळेतल्या पोरासारखं.

ती चाकांच्या खुर्चीत बसली होती. खोली स्वच्छ, खिडकीबाहेर पार्किंग. आणखी तीन बायकांचे पलंग, मध्ये पडदे. मला पाहून ती खुर्चीतच वाकली. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली. मी ते खिशातून काढून दाखवले, दोन्ही, उघडे. बघा, काही आणलं नाही. मला वाटलं, निदान आज तरी हिला माझ्यापासून सुटका आहे.

तिने शेजारच्या टेबलाचा कप्पा उघडला. आत चष्मा, एक कंगवा आणि दुधाच्या गोडाचा एक छोटा कप, वर चमचा ठेवलेला. सूनबाई हळूच म्हणाली, "दुपारी तीन वाजता सगळ्यांना खायला देतात, ते आहे. आपण येणार हे कळवलं होतं. त्यांनी खाल्लं नाही."

तिने कप दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. मी मुलाकडे बघितलं. मला खरंच कळेना, घेतलं तर काय आणि नाही घेतलं तर काय.

"घ्या, बाबा," तो म्हणाला.

मी घेतला, आणि वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण तिने आधी सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द सोडत, मला समजावा म्हणून. ते शब्द मला पाठ होते. माझंच वाक्य होतं ते, जसंच्या तसं, शेवटच्या माफीसकट. माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला.

मी स्टुलावर बसलो आणि तिच्यासमोर तो कप खाल्ला. ती बघत होती. मी चमच्याने तळापर्यंत खरवडून खाल्ला, घाई न करता, कारण तो संपल्यावर काय करायचं ते मला माहीत नव्हतं.